निवडणुकीच्या ड्युटीवरचे प्रश्न

निवडणुकीच्या कामाविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. उत्तरे देणारे लेखक तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत दीर्घ काळ काम करून नायब तहसीलदार पदावरून निवृत्त झाले आहेत. पत्रलेखकांपैकी बहुतेक जण शासकीय सेवेत असल्यामुळे त्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी माध्यमिक शिक्षिका आहे. आजवर मतदान अधिकारी क्रमांक दोन म्हणून काम केले. पुढच्या निवडणुकीत केंद्राध्यक्ष, म्हणजे केंद्राचा प्रमुख अधिकारी, म्हणून नेमणूक होईल असे दिसते. केंद्रावर भांडण झाले, दमदाटी झाली तर काय करायचे, याचीच मला सर्वांत जास्त धास्ती वाटते. ही भीती कितपत खरी आहे?

उत्तर : भांडणाची भीती सर्वांनाच वाटते, परंतु त्या प्रसंगी आपण एकट्या नसता. पोलीस कर्मचारी दाराशी असतो, अनेक केंद्रांची जबाबदारी असलेला क्षेत्रीय अधिकारी फोनवर असतो आणि गोंधळ हाताबाहेर गेला तर मतदान तात्पुरते थांबवण्याचा अधिकार केंद्राध्यक्षाला कायद्यानेच दिलेला आहे. निवडणूक शाखेत बसलेल्या माणसाला मात्र ज्या चुकीमुळे रात्रभर झोप लागत नाही ती चूक अगदी शांत, रिकाम्या वर्गखोलीत, पहाटे साडेपाच ते सात या वेळात होते. ती म्हणजे अभिरूप मतदानानंतर यंत्रातील मते पुसायची राहून जाणे.

मतदान सात वाजता सुरू होणार असेल तर दीड तास आधी, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमक्ष, अभिरूप मतदान म्हणजे सर्वांच्या तोंडचे ‘मॉक पोल’ सुरू करावे लागते. किमान पन्नास मते टाकायची, प्रत्येक उमेदवाराला आणि ‘नोटा’लाही मत पडेल हे पाहायचे, ‘क्लोज’ दाबायचे, ‘रिझल्ट’ दाबून आलेले आकडे व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे प्रत्येक मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्यांशी जुळवायचे आणि मग ‘क्लिअर’ दाबायचे. प्रशिक्षणात या तीन बटणांच्या क्रमाला ‘सीआरसी’ म्हणतात. क्रम मोडता येऊ नये अशीच यंत्राची रचना आहे. ‘क्लोज’ केल्याशिवाय निकाल दिसत नाही आणि निकाल पाहिल्याशिवाय मते पुसली जात नाहीत, त्यामुळे मतदान चालू असताना चुकून कोणाचे बोट लागून खरी मते नाहीशी होतील ही शंका मनातून काढून टाकावी. धोका उलट बाजूचा आहे. प्रतिनिधी उशिरा आलेले असतात, बाहेर रांग लागलेली असते, सात वाजायला पाच मिनिटे उरलेली असतात आणि त्या घाईत निकाल जुळला या समाधानातच शेवटचे बटण राहून जाते. मग दिवसभराची खरी मते त्या पन्नास खोट्या मतांवर साचत जातात.

म्हणून माझा आग्रह असा की ‘क्लिअर’ दाबल्यानंतर ‘टोटल’ दाबून शून्य दिसत असल्याचे प्रत्येक प्रतिनिधीला स्वतः जवळ बोलावून दाखवावे, व्हीव्हीपॅटच्या पेटीतील चिठ्ठ्या काढून, त्यांवर मॉक पोलचा शिक्का मारून त्या काळ्या पाकिटात बंद कराव्यात आणि त्यानंतरच अभिरूप मतदानाच्या प्रमाणपत्रावर सह्या घ्याव्यात. सह्या आधीच उरकून घेण्याची सवय अनेकांना असते. ती अत्यंत वाईट आहे. इतके करूनही चूक झाल्याचे दुपारी लक्षात आले, तर यंत्राला हात न लावता क्षेत्रीय अधिकाऱ्याला कळवावे आणि केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीत वेळेसह नोंद करावी. अशा केंद्राचे यंत्र मतमोजणीच्या वेळी बाजूला ठेवले जाते आणि विजयाचा फरक त्या केंद्रावरील मतांपेक्षा कमी असेल तर तेथील व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात. म्हणजे मतदाराचे मत वाया जात नाही. जी चूक नोंदवलेली असते तिच्यावर मार्ग निघतो. नोंदच नसेल तर मोजणीच्या टेबलावर तीच चूक घोटाळा म्हणून उभी राहते आणि तेव्हा आपण तेथे खुलासा करायला हजर नसता.

प्रश्न : ही ड्युटी नाकारता येते का? आणि दर वेळी शिक्षकच का सापडतात? आमच्या शाळेत चौदापैकी अकरा जणांना आदेश आले होते.

उत्तर : सबळ कारणाशिवाय नाकारता येत नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम २६ नुसार केंद्राध्यक्ष व मतदान अधिकारी नेमले जातात, कलम १५९ नुसार संबंधित संस्थांना कर्मचारी द्यावेच लागतात, आणि कलम २८-अ नुसार त्या काळापुरते आपण निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानले जाते. म्हणजेच त्या दिवसांत मुख्याध्यापक किंवा विभागप्रमुख यांच्या तोंडी परवानगीला काही अर्थ उरत नाही. कर्तव्यात कसूर केल्यास कलम १३४ खाली पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे. रक्कम किरकोळ वाटते, पण गुन्हा दाखल होणे ही नोकरदार माणसासाठी किरकोळ गोष्ट नसते. गंभीर आजारपण, गरोदरपण, लहान बाळ असलेली माता यांचे अर्ज मान्य होतात, परंतु ते वेळेत आणि कागदपत्रांसह यावेत. साहित्य वाटपाच्या दिवशी सकाळी सलाईनच्या सुईसह उभे राहिलेले खरे रुग्णही मी पाहिले आहेत आणि एकाच डॉक्टरची एकाच हस्ताक्षरातली वीस प्रमाणपत्रेही पाहिली आहेत. दुसऱ्या प्रकारामुळे पहिल्यांवर अविश्वास दाखवला जातो, हे या कामातले एक कटू सत्य आहे.

शिक्षकांविषयी बोलायचे तर शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ ने शिक्षकांना अशैक्षणिक कामांतून मुक्त केले असले तरी दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका हे तीन अपवाद त्याच कलमात आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये असे म्हटले की मतदार यादीचे व निवडणुकीचे काम शिक्षकांना सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावे. व्यवहारात ते पूर्णपणे पाळले जाते असे मी म्हणणार नाही. शिक्षकच का, याचे उत्तर साधे आहे. विधानसभेच्या २०२४ च्या निवडणुकीत राज्यात एक लाखाहून अधिक मतदान केंद्रे होती, प्रत्येक केंद्रावर किमान चार माणसे आणि त्यांशिवाय राखीव पथके लागतात, आणि गावोगाव पसरलेला, लिहिता-वाचता येणारा, शासनाच्या वेतनपटावर असलेला एवढा मोठा वर्ग दुसरा नाही. बँका, विमा महामंडळ, पाटबंधारे, बांधकाम विभाग यांचे कर्मचारीही घेतले जातात. मात्र त्यांच्या याद्या निवडणूक शाखेकडे पूर्ण आणि वेळेवर येत नाहीत आणि शाळांच्या येतात. जो यादी देतो त्याच्यावर भार पडतो. हा अन्याय मला सेवेत असतानाही खटकत असे.

एक गैरसमज मात्र दूर करतो. अमुक साहेबांनी मुद्दाम दूरचे केंद्र दिले, असे अनेक जण समजतात. कर्मचाऱ्यांची निवड, त्यांची पथके आणि त्यांना मिळणारे केंद्र ही तिन्ही कामे संगणकीय सरमिसळीने होतात. तिसरी सरमिसळ मतदानाच्या जेमतेम एक दिवस आधी होते आणि आपले केंद्र कोणते हे साहित्य वाटपाच्या टेबलावरच कळते. नोकरीचा, वास्तव्याचा किंवा मूळ गावाचा मतदारसंघ टाळायचा हाही सर्वसाधारण नियम आहे. गैरसोय होते हे खरे, परंतु ती गैरसोय हेतुपुरस्सर ठेवलेली आहे. आदल्या आठवड्यात केंद्र कळले असते तर त्या गावचे पाहुणे आपल्या घरी चहाला आले असते.

प्रश्न : विधानसभेच्या निवडणुकीत सायंकाळी पाच वाजता सांगितलेली टक्केवारी आणि अंतिम टक्केवारी यांत मोठी तफावत होती. केंद्रावर काम करणाऱ्यांना याचे काय वाटते? एका रात्रीत मते वाढतात कशी?

उत्तर : या प्रश्नावर राजकीय पक्षांनी बरेच काही म्हटले आहे. त्यात न शिरता मी केवळ केंद्रावर काय घडते ते सांगतो.

२०२४ च्या त्या निवडणुकीत दिवसभरात दर दोन तासांनी केंद्राध्यक्षाने झालेल्या मतांचा आकडा क्षेत्रीय अधिकाऱ्याला कळवायचा असे. क्षेत्रीय अधिकाऱ्याकडे अशी अनेक केंद्रे असतात. तो ते आकडे पुढे पाठवत असे आणि तालुक्याच्या ठिकाणी ते ॲपमध्ये भरले जात. पाच वाजता जाहीर होणारा आकडा हा प्रत्यक्षात काही केंद्रांचा पावणेपाचचा, काहींचा साडेचारचा आणि ज्यांचा फोन लागला नाही त्यांचा तीन वाजताचाच असे. रांग तुडुंब असताना केंद्राध्यक्षाने मतदाराची ओळख पटवण्याचे काम सोडून फोनवर आकडे सांगत बसावे अशी अपेक्षा मीही कधी केली नाही. हा आकडा तात्पुरता असतो आणि त्याला कायद्याने कोणतेही स्थान नाही.

दुसरी गोष्ट रांगेची. मतदानाची वेळ सहाला संपत असेल तर सहाच्या ठोक्याला जे आवारात रांगेत उभे आहेत त्या प्रत्येकाला मत देण्याचा हक्क आहे. तेव्हा केंद्राध्यक्ष स्वतः बाहेर येतो आणि आपल्या सहीच्या चिठ्ठ्या वाटतो. त्या रांगेच्या शेपटापासून वाटत पुढे यायचे असते, म्हणजे शेवटच्या माणसाला पहिल्या क्रमांकाची चिठ्ठी मिळते आणि त्याच्यामागे नंतर कोणाला घुसता येत नाही. नवखा केंद्राध्यक्ष दाराकडून वाटायला सुरुवात करतो आणि चिठ्ठ्या वाटेपर्यंत मागे आणखी दहा जण येऊन उभे राहतात.

आता आकडे पाहू. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच वाजताची टक्केवारी ५८.२२ आणि अंतिम ६६.०५ होती. सुमारे ९ कोटी ७० लाख मतदारांच्या हिशेबाने हा फरक ७६ लाखांच्या घरात जातो आणि ही संख्या ऐकून कोणीही दचकेल. ती एक लाख केंद्रांत वाटली तर मात्र एका केंद्रामागे सरासरी ७६ मते येतात. अकरा तासांत एका केंद्रावर सरासरी ६४० मते पडली, म्हणजे तासाला सुमारे ५८. शेवटचा एक तास, त्यानंतरची रांग आणि आकडा कळवण्यातला उशीर हे तिन्ही धरले तर ७६ हा आकडा माझ्यासारख्याला अस्वाभाविक वाटत नाही.

अर्थात सरासरीने सर्व काही सिद्ध होत नाही. एखाद्या केंद्रावर दोनशे मते वाढली असतील तर तेथे प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि त्याचे उत्तर नमुना १७ सी या कागदात आहे. मतदान संपताच ‘क्लोज’ दाबून, यंत्रावरील एकूण मते, मतदार नोंदवहीतील म्हणजे १७ ए मधील शेवटचा अनुक्रमांक, सही करूनही मत न देता गेलेले मतदार, हे सारे त्यात लिहून त्याची साक्षांकित प्रत उपस्थित प्रत्येक प्रतिनिधीला जागेवरच द्यायची असते. समजा नोंदवहीत ७४२ जणांच्या सह्या आहेत आणि दोघे मत न देता परतले, तर यंत्रावर ७४० दिसलेच पाहिजेत. मोजणीच्या दिवशी त्याच केंद्राचे यंत्र टेबलावर येते तेव्हा आधी हा आकडा जुळवतात, मग उमेदवारनिहाय निकाल पाहतात. त्यामुळे रात्रीतून मते वाढवायची तर प्रत्येक पक्षाच्या प्रतिनिधीच्या खिशातला कागदही रातोरात बदलावा लागेल. माझा अनुभव असा की प्रतिनिधीच सहा वाजता घरी निघून जातात, प्रत घेत नाहीत, घेतली तर सांभाळत नाहीत आणि पक्षाच्या कार्यालयात ती कोणी मागतही नाही. ज्या कार्यकर्त्याने १७ सी चे फोटो काढून ठेवले आहेत त्याच्याशी वाद घालणे कोणत्याही अधिकाऱ्याला शक्य नसते.

माझे व्यक्तिगत मत विचाराल तर हे नमुने केंद्रनिहाय संकेतस्थळावर लगेच टाकण्यास प्रशासनाने कचरू नये. कायद्याने प्रत फक्त प्रतिनिधीला देणे बंधनकारक आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये याबाबत अंतरिम आदेश देण्यास नकार दिला, हे मला ठाऊक आहे. पण रात्री दोन वाजता तो कागद तयार करणाऱ्या शिक्षकाच्या दृष्टीने तो लपवण्यासारखा नसतोच. उलट तो जितक्या लोकांच्या हातात असेल तितका तो शिक्षक सुरक्षित असतो.

प्रश्न : मी नगरपरिषदेत लिपिक आहे. मतदार यादीतील प्रत्येक चुकीसाठी लोक आम्हाला धारेवर धरतात. ती यादी आम्ही केलेली नसते, हे कसे समजावून सांगावे?

उत्तर : लोकांचा गोंधळ होतो कारण आयोग दोन आहेत. लोकसभा आणि विधानसभा भारत निवडणूक आयोगाकडे. ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंतच्या संस्था ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर १९९४ मध्ये स्थापन झालेल्या राज्य निवडणूक आयोगाकडे. राज्य आयोग स्वतःची यादी करत नाही. विधानसभेची ठरावीक तारखेची यादी घेऊन ती प्रभागांनुसार फोडली जाते. या टप्प्यावर एखादा मतदार चुकून शेजारच्या प्रभागात गेला असेल तर हरकत घेऊन दुरुस्त करता येतो. परंतु विधानसभेच्या यादीत ज्याचे नावच नाही त्याचे नाव घालणे किंवा मृत व्यक्तीचे नाव वगळणे आपल्या हाती नसते. हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून प्रारूप यादीशेजारी लावावे. त्याने वाद संपणार नाही, पण प्रत्येकाला तेच तेच सांगण्याचे श्रम वाचतील.

स्थानिक निवडणुकीत केंद्रावरचे कामही बिकट असते, याची दखल फारशी घेतली जात नाही. जिल्हा परिषद गटाला एक व पंचायत समिती गणाला एक अशी दोन मते, बहुसदस्यीय प्रभागात तीन-चार मते. मतदार एक बटण दाबून निघून जातो आणि यंत्र पुढच्या मतांची वाट पाहत राहते, तेव्हा त्याला दाराबाहेरून परत बोलवावे लागते. येथे व्हीव्हीपॅट नसल्याने ‘चिठ्ठी का दिसली नाही’ हा प्रश्नही आपल्यालाच झेलावा लागतो. शिवाय उमेदवार, प्रतिनिधी आणि मतदार एकमेकांना नावानिशी ओळखत असतात. विधानसभेला जो कार्यकर्ता नमस्कार करून जातो तोच ग्रामपंचायतीला एका चुलत्याच्या मतासाठी तासभर हुज्जत घालतो.

प्रश्न : मी अंगणवाडी सेविका असून बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) आहे. वारलेल्या माणसांची नावे यादीत राहिली म्हणून गावातले लोक मला दोष देतात. मी स्वतः ती नावे काढू शकत नाही का? शिवाय या कामाचे मानधन पुरेसे आहे का?

उत्तर : नाही, आणि तसा अधिकार नसणे हेच योग्य आहे. बीएलओने घरोघरी जाऊन माहिती घ्यावी, पडताळणी करावी आणि अहवाल द्यावा. नाव वगळण्याचा निर्णय मतदार नोंदणी अधिकारी घेतो. नवीन नावासाठी नमुना ६, वगळण्यासाठी किंवा हरकतीसाठी ७ आणि दुरुस्ती वा स्थलांतरासाठी ८, हे आपल्याला पाठ असेलच. घरात मृत्यू झाल्यावर वारसनोंद, बँक, विमा यांसाठी धावपळ करणारी माणसे नमुना ७ मात्र भरत नाहीत, कारण त्यातून त्यांना काहीच मिळायचे नसते. ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीवरून दर महिन्याला नावे उतरवून घेऊन त्या घरी स्वतः नमुना नेला तर काम बरेच हलके होते. अनेक चांगले बीएलओ तसेच करतात. मात्र गावातल्या एखाद्या पुढाऱ्याने एकगठ्ठा नमुना ७ आणून दिले तर सावध राहा. ते घेऊन स्वतःच निकाली काढल्यासारखे वागू नका, प्रत्येक घरी जा आणि जे दिसेल तेच लिहा. खोटे निवेदन करणाऱ्याला लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हे त्याला एकदा शांतपणे सांगितले की गठ्ठा बहुधा परत जातो.

मानधनाबाबत आपण लिहिले आहे. भारत निवडणूक आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये बीएलओंचे वार्षिक मानधन ६,००० वरून १२,००० रुपये केले. महिन्याला हजार रुपयांत बाराशेपर्यंत मतदारांची घरे सांभाळायची, हे पुरेसे आहे असे मला वाटत नाही.

प्रश्न : निवडणुकीच्या ड्युटीमुळे माझे स्वतःचेच मत दोनदा राहून गेले. उपाय काय?

उत्तर : प्रशिक्षणाच्या वेळी नमुना १२ भरून द्या आणि प्रशिक्षणस्थळी उघडलेल्या सुविधा केंद्रातच टपाली मतदान करा. ‘नंतर करू’ म्हणणाऱ्यांचे मत राहते. लोकसभेला आपल्याच मतदारसंघात ड्युटी असेल तर नमुना १२ ए मध्ये अर्ज केल्यावर निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र मिळते आणि ज्या केंद्रावर काम करता तेथेच यंत्रावर मत देता येते.

प्रश्न : मी केंद्रावर पोहोचलो तेव्हा माझ्या नावाने आधीच कोणीतरी मत देऊन गेले होते. अधिकाऱ्यांनी माझ्याकडून कागदी मतपत्रिकेवर मत घेतले व पाकिटात ठेवले. ते मोजले गेले का?

उत्तर : मोजणीच्या दिवशी ते मोजले गेले नसणार. त्याला प्रदत्त मत म्हणतात. आपली ओळख पटल्यानंतर नमुना १७ बी मध्ये सही घेऊन छापील मतपत्रिका देतात, तिच्यावर शिक्का मारून आपण मत देता आणि ती वेगळ्या पाकिटात सीलबंद होते. प्रत्येक केंद्रावर त्यासाठी साधारणपणे वीस मतपत्रिका दिलेल्या असतात. पुढे कोणी निवडणूक याचिका दाखल केली आणि न्यायालयाने आदेश दिला तरच ते पाकीट उघडते. अधिकाऱ्यांनी आपल्याला परत पाठवले नाही, म्हणजे त्यांनी नियमाप्रमाणे काम केले.

खरे तर तोतया मतदार आत आला त्याच वेळी त्याला अडवायला हवे होते, आणि ते काम प्रतिनिधींचे आहे. मतदान अधिकारी क्रमांक एक नाव मोठ्याने पुकारतो ते यासाठीच. प्रतिनिधीने दोन रुपये भरून त्या मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घेतला की केंद्राध्यक्षाला तेथल्या तेथे चौकशी करावी लागते. आक्षेप खरा ठरला तर त्या माणसाला मत देता येत नाही आणि त्याला पोलिसांच्या ताब्यात देतात. आक्षेप उगाच घेतलेला निघाला तर ते दोन रुपये जप्त होतात. ही रक्कम कित्येक दशके बदललेली नाही. परगावाहून ऐन वेळी आलेल्या केंद्राध्यक्षाला गावातला माणूस ओळखता येत नाही आणि मतदार ओळखपत्रावरचा पंधरा वर्षांपूर्वीचा फोटो कोणाचाही वाटू शकतो. आपल्या केंद्रावर त्या वेळी कोणत्या उमेदवारांचे प्रतिनिधी बसले होते आणि आपले नाव पुकारले तेव्हा ते गप्प का राहिले, ही चौकशी आपण गावातच करू शकता. त्यांच्या हजेरीची नोंद केंद्राध्यक्षाच्या कागदपत्रांत असते.